फेनो 48, स्पायरोमेट्री नॉर्मल, नाक कायम चोंदलेलं: पंपाचा डोस वाढवायचा का?

चिकोडी_बालरुग्ण

नमस्कार. चिकोडी-निपाणी पट्ट्यात दमा आणि नाकाची ऍलर्जी दोन्ही असलेली मुलं बरीच येतात. आता काहींच्या हातात श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचा, म्हणजे फेनोचा रिपोर्टही असतो. एक नेहमी दिसणारं चित्र मांडते.

मुलगा 9 वर्षांचा, उंची 130 सेंमी. दम्याचं निदान आधीच झालेलं. ब्युडेसोनाइड (श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड) 200 मायक्रोग्रॅम रोज, स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी). पण घरचे बरं वाटलं की बंद करतात, खोकला आला की परत सुरू करतात. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक बंद, रात्री तोंड उघडं. आठवड्यातून एक-दोनदा रात्री खोकून उठतो. फेनो 48 पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत 48 भाग). स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरात फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या चाचणीत, एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) अपेक्षित मूल्याच्या 94 टक्के, एफव्हीसीशी (पूर्ण फुंकीतल्या एकूण हवेशी) गुणोत्तर 0.88. साल्ब्युटामॉल (नळ्या लगेच खुलवणारं औषध) देऊन दुसरी फेरी केलेली नाही. रिपोर्टखाली ‘सूज जास्त’ एवढाच शेरा.

हा आकडा बघून डोस 400 करायचा का? नुसत्या नाकामुळे आकडा इतका चढतो का? चाचणी करतानाच कुठे चुकतं? आणि ज्यांना हे यंत्र मिळणारच नाही त्यांच्यासाठी काय करायचं?

पीएफटी_कक्ष_बेळगाव

डॉक्टर, अर्थ लावण्याआधी तो 48 आला कसा ते विचारा. मूल कसं फुंकत होतं हे रिपोर्टवर येत नाही.

फेनोमध्ये श्वास सेकंदाला 50 मिलिलिटर याच वेगानं सोडावा लागतो. श्वासनलिकेच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सतत झिरपत असतो. हवा सावकाश गेली तर तो जास्त गोळा होतो, झपाट्यानं गेली तर विरळ होतो. म्हणजे वेग हलला की आकडा हलला. 12 वर्षांखालच्या मुलाला हा वेग निदान 4 सेकंद टिकवता आला पाहिजे, त्यापुढच्यांना 6 सेकंद. पडद्यावर ढग किंवा फुगा दिसतो तो दोन रेघांच्या मध्ये ठेवायचा, एवढंच मुलाला सांगायचं. ‘जोरात फुंक’ हे शब्द या खोलीत नकोत, ते स्पायरोमेट्रीसाठी राखून ठेवा. आपल्याकडे मूल मराठी बोलणारं आणि टेक्निशियन कन्नड बोलणारा अशी जोडी रोज असते. ‘सावकाश’ दोघांनाही कळतं, तोच शब्द ठरवून घ्यावा.

क्रम असा: आधी फुफ्फुसं रिकामी करायला सांगायची. मग ओठ माउथपीसभोवती घट्ट, आणि यंत्रातूनच तोंडानं खोल श्वास दोन-तीन सेकंदांत आत. यंत्रातल्या गाळणीमुळे ही हवा नायट्रिक ऑक्साइड नसलेली असते, म्हणून खोलीतली हवा ओढून मग माउथपीस तोंडात धरणं चालत नाही. श्वास रोखायचा नाही, लगेच सावकाश सोडायचा.

नाकाची ऍलर्जी असलेल्या मुलांत सगळ्यात मोठी गडबड इथे होते. सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड खालच्या श्वासमार्गाच्या कित्येक पट असतो. फुंकताना यंत्राच्या अडथळ्यामुळे तोंडात 5 ते 20 सेंमी पाण्याइतका दाब तयार होतो, त्यानं मऊ टाळू वर उचलला जातो आणि नाकाचा रस्ता बंद होतो. मुलानं नाकातून श्वास आत घेतला, किंवा मध्येच फुंकणं सोडून परत धरलं, तर नाकातला वायू नमुन्यात मिसळतो आणि आकडा खोटा वर जातो. फेनोला नोज क्लिप लावायची नाही. स्पायरोमेट्रीच्या सवयीनं ती लावली जाते. क्लिप लावली की नाकात वायू साठतो आणि मागच्या बाजूनं घशात उतरू शकतो.

आधीच्या एका तासात खाणं-पिणं नको, धावपळ नको. पालक, बीट, माठ यांत नायट्रेट भरपूर असतं, त्यानं आकडा चढतो. त्या दिवशी सकाळी या भाज्या नकोतच. सर्दी-ताप चालू असेल तर तारीख पुढे ढकला, विषाणूच्या संसर्गातही तो चढतो. आणि फेनो नेहमी स्पायरोमेट्रीच्या आधी. जोरजोरात फुंकल्यानंतर आकडा काही काळ खाली येतो. एकाच दिवशी दोन्ही करायच्या असतील तर कोणती आधी झाली ते कक्षात विचारून घ्या, उलट्या क्रमानं झालेल्या बऱ्याच सापडतील.

यंत्राबद्दल दोन गोष्टी. आतला सेन्सर ठरावीक चाचण्यांपुरता आणि ठरावीक तारखेपर्यंतच चालतो. अल्कोहोलचा वास त्याला सहन होत नाही, म्हणून सॅनिटायझर चोळलेला ओला हात लावू नये, यंत्र स्पिरिटनं पुसू नये. आणि पुढची चाचणी त्याच बनावटीच्या यंत्रावर करा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

बालश्वसन_मिरज

वरचं सगळं महत्त्वाचं आहे. आता अर्थाकडे येते.

फेनो दमा मोजत नाही. अस्तरातली ऍलर्जीच्या जातीची सूज मोजतो. इंटरल्युकिन-4 आणि 13 या सुजेच्या रसायनांमुळे अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढतं, म्हणून आकडा वाढतो. ही सूज दम्यात असते, तशीच नुसती नाकाची ऍलर्जी असलेल्या, छाती पूर्ण स्वच्छ असलेल्या मुलातही असू शकते. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, चढतो. उंची आणि वयाबरोबरही तो थोडा वाढत जातो.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2011 च्या मार्गदर्शनात 12 वर्षांखालच्यांसाठी 20 च्या खाली कमी, 20 ते 35 मधला आणि 35 च्या वर जास्त, असे टप्पे आहेत. 12 पासून पुढे मोठ्यांचे 25 आणि 50 लागू होतात. निदानासाठी युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीनं 2021 मध्ये मुलांसाठी 25 ही रेघ धरली. ब्रिटनच्या 2024 च्या संयुक्त मार्गदर्शनात 5 ते 16 वयाला 35 किंवा जास्त आहे, तेही लक्षणं दम्याची असतील तरच. दोघं चूक नाहीत. 25 धरलं की दम्याची मुलं कमी सुटतात, पण नुसत्या नाकवाली जास्त अडकतात. आपल्याकडे येणाऱ्या मुलांत नाकाची ऍलर्जी इतकी सरसकट आहे की मी 35 च्या बाजूची आहे.

तुमच्या मुलात निदान आधीच आहे, त्यामुळे प्रश्न नियंत्रणाचा आहे. औषध धड चालू नसताना मोजलेल्या 48 वरून 400 करणं म्हणजे न घेतलेलं औषध दुप्पट लिहून देणं. नाकातून फवारल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा विषय वेगळा, पण छातीतलं स्टेरॉइड नियमित घेतलं तर फेनो काही दिवसांत उतरायला लागतो आणि बंद केल्यावर परत चढतो. त्याचाच उपयोग करा: तेच 200, पण रोज, कुणीतरी समोर उभं राहून, चार ते सहा आठवडे. मग तीच चाचणी परत. मूळ आकडा 50 च्या खाली असेल तर 10 पीपीबीपेक्षा जास्त, आणि 50 च्या वर असेल तर 20 टक्क्यांपेक्षा जास्त उतरला तरच तो खरा उतार धरायचा. 48 चे 43 झाले म्हणजे काही झालं नाही. 48 चे 24 झाले आणि रात्रीचा खोकला थांबला, तर औषध कमी पडत नव्हतं, पोचत नव्हतं.

पोचत नसल्याची कारणं बहुतेक वेळा हातात असतात. पंप न हलवता दाबणे. एकाच वेळी दोन फवारे स्पेसरमध्ये सोडणे. स्पेसर फडक्यानं घासून कोरडा करणे: त्यानं प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता निथळत ठेवायचा. एक फवारा, मग सावकाश पाच-सहा श्वास, मग दुसरा. शेवटी चूळ. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघण्याची पद्धत अजून घरोघर आहे, ती अगदी बिनभरवशाची. काउंटर असलेला पंप घ्या, नाहीतर डब्यावर तारखा लिहून फवारे मोजा.

उलट बाजूही सांगते. फेनो कमी आला म्हणून दमा नाही असं होत नाही. स्टेरॉइड चालू असेल तर कमी येतो, आणि काही मुलांचा दमा या जातीच्या सुजेचा नसतोच. मोठी मुलं चोरून विडी-सिगारेट ओढत असतील तरी आकडा खाली येतो.

स्पायरोमेट्रीबद्दल: 94 टक्के आणि 0.88 हे 9 वर्षांच्या मुलात नॉर्मलच. पण दम्याचं मूल दोन त्रासांच्या मधल्या काळात नॉर्मलच फुंकतं. त्यामुळे साल्ब्युटामॉलनंतरची फेरी नसेल तर अर्धीच चाचणी झाली. चाचणीआधी साल्ब्युटामॉल निदान 4 तास आणि फॉर्मोटेरॉल-साल्मेटेरॉलवाला पंप 24 तास बंद हवा. मूल खरंच धापत असेल तर मात्र औषध द्यायचं, चाचणी दुसऱ्या दिवशी. मग 100 मायक्रोग्रॅमचे 4 फवारे, स्पेसरमधून, एकेक करून. 15 मिनिटं थांबून परत. एफईव्ही-1 मध्ये 12 टक्के वाढ म्हणजे नळ्या खुलतात.

पीएफटी_कक्ष_बेळगाव

मॅडमनी स्पायरोमेट्रीचा विषय काढला म्हणून थोडं. रोज सकाळी 3 लिटरच्या सिरिंजनं यंत्र तपासलेलं असावं, वाचन 2.91 ते 3.09 च्या आत. उंची चपला काढून त्याच दिवशी मोजावी. शाळेच्या दाखल्यावरची उंची टाकली तर अपेक्षित मूल्यच चुकतं, आणि 94 टक्क्यांचा 94 राहत नाही. दोन सर्वोत्तम फुंकी 150 मिलिलिटरच्या आत जुळल्या पाहिजेत, आणि मुलाकडून फार प्रयत्न करून घेऊ नयेत, ते दमतं आणि आकडे घसरतात. आलेख बघायला शिका: सुरुवातीचं टोक गोल आलं तर मूल दबकत फुंकलं, मध्येच खाच दिसली तर खोकलं. अशा फुंकीचे टक्के वाचूच नयेत.

कान_नाक_घसा_कोल्हापूर

या मुलाच्या नाकाकडे कोण बघतंय? सकाळच्या शिंका, बंद नाक, उघडं तोंड. नाक बंद असलेलं मूल तोंडानं कोरडी, थंड, न गाळलेली हवा थेट छातीत घेतं. नाकाची ऍलर्जी आणि दमा यांवरच्या अरिया या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानं 2001 पासून हेच लावून धरलंय की नाक आणि फुफ्फुस हा एकच मार्ग आहे, एकाला सोडून दुसऱ्यावर उपचार करू नका.

स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे, मोमेटासोन किंवा फ्ल्युटिकासोन फ्युरोएट, या वयात प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एक फवारा. पूर्ण परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून तो फडताळात जातो, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. नवी बाटली असेल तर हवेत फवारे मारून धुकं येईपर्यंत भरून घ्यायची. आधी नाक स्वच्छ करायचं, चिकट शेंबूड असेल तर सलाइनचे थेंब. डोकं किंचित पुढे झुकलेलं, मागे नाही. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारलं की खपल्या धरतात, रक्त येतं, आणि घरचे कायमचा बंद करतात. फवारल्यावर हलकाच श्वास. जोरात हुंगलं तर औषध घशात जातं, कडू लागतं.

मॉन्टेल्युकास्ट-लेव्होसेटिरिझिनचं सिरप महिनोन्महिने चालू ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं मार्च 2020 मध्ये मॉन्टेल्युकास्टवर ठळक इशारा टाकला: वाईट स्वप्नं, चिडचिड, मन खचणं असे परिणाम होऊ शकतात, आणि नुसत्या नाकाच्या ऍलर्जीसाठी बाकी औषधं चालत नसतील तरच द्या. चालू असेल तर वागण्यात बदल झालाय का, हे आईला स्पष्ट विचारा. आणखी एक: त्वचेवरची ऍलर्जी चाचणी करायची असेल तर लेव्होसेटिरिझिनसारखी औषधं साधारण आठवडाभर आधी बंद लागतात. फेनोसाठी ती थांबवायची गरज नाही.

घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल तर ऍडिनॉइड (नाकामागची गाठ) बघा. लहान मुलाच्या नाकात पॉलिप (मऊ मांसल वाढ) दिसला तर त्याला साधी ऍलर्जी समजून सोडू नका, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराची तपासणी करा. आणि जन्मापासून ओला खोकला, वाहणारे कान आणि बारमाही शेंबूड असं त्रिकूट असेल, तर श्वासमार्गातल्या सूक्ष्म केसांच्या (सिलियांच्या) जन्मजात दोषाचा विचार हवा. त्यात नाकातला नायट्रिक ऑक्साइड उलट फारच कमी असतो.

चिकोडी_बालरुग्ण

खूप आभार सगळ्यांचे. फेनो आधी झाला की स्पायरोमेट्री, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. डोस 200 च ठेवून, नाकाचा स्प्रे जोडून, सहा आठवड्यांनी परत मोजायचं ठरवते. साल्ब्युटामॉलची फेरीही करून घेते. यंत्र नसलेल्यांचं सांगा ना कुणीतरी. रायबाग, अथणीकडच्या वस्त्यांतून नुसत्या फुंकीसाठी पोराला बेळगावपर्यंत आणणं सगळ्यांना जमत नाही. आणि 5 वर्षांखालच्यांचं काय?

खानापूर_शालेय_आरोग्य

ताई, पीक फ्लो मीटर. साधी प्लॅस्टिकची नळी, काटा आणि पट्टी. 5-6 वर्षांपुढच्या मुलाला जमतो.

उभं राहून, काटा शून्यावर आणून, पूर्ण श्वास भरून, ओठ घट्ट लावून एकच झटका. गाल फुगवून थुंकल्यासारखं केलं की आकडा खोटा मोठा येतो, ते बघत राहा. बोट काट्याच्या वाटेत नको. तीनदा फुंकायचं आणि तिन्हींतला सर्वांत मोठा लिहायचा, सरासरी नाही. सकाळी उठल्यावर औषधाआधी आणि संध्याकाळी, दोन आठवडे. मीटर तोच ठेवायचा, वेगवेगळ्या मीटरच्या पट्ट्या सारख्या नसतात.

हिशेब: त्या दिवसाचा मोठा आकडा वजा लहान, भागिले दोघांची सरासरी, गुणिले 100. सकाळी 190, संध्याकाळी 230, तर फरक 40, सरासरी 210, म्हणजे 19 टक्के. दोन आठवड्यांची सरासरी 13 टक्क्यांच्या वर गेली तर जिना या दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शनाच्या निकषानं मुलात तो दम्याकडे बोट दाखवणारा चढउतार आहे. ब्रिटनचं मार्गदर्शन 20 टक्के मागतं. अपेक्षित आकड्याचा ढोबळ अंदाज: उंचीतून 100 वजा, गुणिले 5, अधिक 100. तुमच्या 130 सेंमीच्या मुलाला 250. पण एकदा चांगल्या दिवसांतला त्याचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा मिळाला की तोच धरा. त्याच्या 80 टक्क्यांवर ठीक, 50 ते 80 मध्ये ठरलेली योजना सुरू, 50 च्या खाली दवाखाना.

वहीत आकड्याशेजारी एक मोकळा रकाना ठेवा: त्या दिवशी आसपास काय होतं. खानापूरकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी, ओल्या वाकळा. पावसानंतर काँग्रेस गवत. दिवाळीपासून पुढे उसाचा हंगाम, गुऱ्हाळाचा धूर, पाचट पेटवणं. निपाणी भागात ज्या खोलीत मूल झोपतं तिथेच विड्या वळल्या जातात का, तंबाखू साठवलाय का, हे विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. दोन आठवड्यांच्या वहीतून जे दिसतं ते एका फेनोतून दिसणार नाही. वाकळ नुसती उन्हात टाकून धुळीतले किडे पुरेसे जात नाहीत. वरची चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्याला 60 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, वाकळ मुलाच्या अंगाला लागणार नाही असं बघा.

आणि यातलं काहीही करण्याआधी: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, सोबत ताप किंवा वजन घटतंय, तर आधी टीबीची तपासणी. फुंकण्याच्या चाचण्या त्यानंतर, आणि दर मुलाला नवीन फिल्टर.

पीएफटी_कक्ष_बेळगाव

5 वर्षांखालच्यांना पीक फ्लो आणि स्पायरोमेट्री बहुधा जमत नाही, फेनोही क्वचितच. त्यांच्यासाठी ऑसिलोमेट्री असते, 3 वर्षांपासून जमते. मूल नेहमीसारखा श्वास घेतं, यंत्र त्यावर बारीक कंपनं सोडून नळ्यांचा अडथळा मोजतं. नोज क्लिप इथे लागते, आणि कुणीतरी मागून दोन्ही गाल तळहातांनी दाबून धरायचे, नाहीतर कंपनं गालातच जिरतात. लहान मुलांत साधारण 16 सेकंदांच्या निदान तीन फेऱ्या. जीभ माउथपीसखाली, मान सरळ, रडतं मूल चालत नाही. सगळीकडे सोय नाही, फोन करून मगच पाठवा.

बालश्वसन_मिरज

ती सोय नसेल तर 5 वर्षांखाली निदान लक्षणांवर आणि ठरावीक काळ औषध देऊन बघण्यावरच होतं. कमी मात्रेचं स्टेरॉइड मास्कवाल्या स्पेसरमधून दोन-तीन महिने द्यायचं, डायरी ठेवायची, मग थांबवून बघायचं. थांबवल्यावर त्रास परत आला तर बोलायला जागा आहे.

मोठ्या-लहान सगळ्यांच्या घरच्यांना एक कागद द्या, मराठीत आणि दवाखान्यासाठी कन्नडमध्येही: बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर, किंवा पंप घेऊनही तासा-दोन तासांत परत धाप. यातलं काहीही दिसलं तर साल्ब्युटामॉलचे फवारे स्पेसरमधून चालू ठेवत 108 ला फोन. त्या वेळी फेनो नाही, स्पायरोमेट्री नाही.